बाबांची फळी आणि माझे थेंब

प्रबंधाच्या शेवटच्या वर्षी मी सावली या आमच्या गावी घरी येऊन राहिले होते. माझं काम कॉम्प्युटरमध्ये पाणी वाहवण्याचं. पाणी म्हणजे हजारो थेंब. प्रत्येकाने शेजाऱ्याला ढकलायचं, पण सगळ्यांनी मिळून जागा तेवढीच व्यापायची, एवढीच अट. थेंब जितके बारीक आणि जास्त, तितकं उत्तर खऱ्याच्या जवळ जायला हवं.

खरं पाणी अंगणात होतं. मासे मरून रिकामी झालेली काचेची पेटी, तिच्या एका टोकाला फळी लावून अडवलेलं पाणी. बाबा फळी उचलायचे, पाणी धावत जाऊन पलीकडच्या काचेवर आदळायचं, मी मोबाईलवर टिपायचे. पोस्टातून निवृत्त झालेले बाबा या कामाला इस्त्रीचा शर्ट घालून बसत.

माझं पाणी त्यांच्या पाण्याआधी पोचायचं. मी थेंब चौपट केले, तरी आधी. पुन्हा चौपट केले. लॅपटॉप दोन दिवस टेबलफॅनसमोर घरघरत राहिला. तिन्ही उत्तरं एकमेकांच्या जवळ येत होती, म्हणजे गणित कुठेतरी स्थिरावत होतं. फक्त ती जागा आमच्या अंगणातली नव्हती.

"तुयं पाणी घाई करून राह्यलं," बाबा म्हणाले.

पंधरा दिवस मी माझ्या चुका शोधल्या. सापडेनात, तेव्हा कॉम्प्युटरमधलं पाणी गुपचूप दाट केलं. थोडं, मग आणखी थोडं. एका सकाळी ते बाबांच्या पाण्याच्या बरोबर पोचलं. मी आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"हे पाणी नाई," ती म्हणाली. "हे तं आंबील व्हय."

मला मनापासून लाज वाटली. दाटपणा काढून टाकला आणि बाबांच्या प्रयोगाचा व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. फळी वर यायलाच एवढा वेळ लागत होता की पाणी खालच्या फटीतून बिचकत बाहेर येत होतं. माझ्या गणितात मात्र फळी एका क्षणात नाहीशी व्हायची.

"बाबा, तुमी फळी इतकी हळू काऊन उचलता?"

"फटकन उचलली तं शर्ट भिजते. तू कुठी सांगतलं होतं?"

नव्हतं सांगितलं.

दुपारी बाबा बनियनवर उभे राहिले आणि त्यांनी फळी हिसकली. थोडं पाणी त्यांच्या मिशांवर गेलं, बाकीचं सुसाट सुटलं. ताडून पाहिलं तर मोठ्या थेंबांचं उत्तर जरा चुकलेलं, मधल्यांचं त्याहून कमी, आणि सगळ्यात बारीक थेंबांचं जवळजवळ तंतोतंत. मी अंगणातच बसून हसत सुटले.

एका वेळच्या मापावर विसंबता येत नाही, म्हणून मी पाच वेळा करू म्हटलं. बाबांनी अकरा वेळा केलं, कारण त्यांना मजा यायला लागली होती. मग त्यांना पडसं झालं.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी मला विचारलं, "फळी उचलण्याचा वेग सारखा होता का?"

मी म्हटलं, "हो सर, शिंका सुरू होईपर्यंत."