अब्हाची हिरवी भिंत

मी सौदीला निघालो तेव्हा दापोलीकडच्या आमच्या गावात एसटी येऊन उभी राहिली होती आणि अम्मा खळं सारवत होती. हातातलं काम टाकून उठणारी बाई ती नव्हेच. लांबूनच म्हणाली, "परक्या घरात हातावर हात ठेवून बसू नको." मी बसलो नाही. हेल्परचा सुपरवायझर झालो, इकामा म्हणजे तिथला राहण्याचा परवाना दरवेळी नवा होत गेला, बायको आणि मुलगी जेद्द्याला आल्या. गावाकडच्यांनो, एवढं तुम्हाला ठाऊक आहे, पुढचं सांगतो.

गेल्या वर्षी अम्माला उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, बोलावलं. उमरा झाला आणि मग चौथ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तीच हातावर हात ठेवून बसली. फरशी चकचकीत, कपडे मशीनमध्ये, भांडी मशीनमध्ये. म्हणाली, "तुजा घर बेस हाय, पन मी हितं पावनीच. मना गावाला धाड." गावी ती एकटी असते. तिने माझ्याकडे राहावं, निदान येत-जात राहावं, एवढीच माझी इच्छा होती. मला वाईट वाटलं. रागही आला, खोटं कशाला बोलू?

जाण्याआधी तिला थंड हवा दाखवावी म्हणून आम्ही दक्षिणेला अब्हाला गेलो. सौदी म्हणजे नुसती वाळू असं समजणाऱ्यांनी तो घाट एकदा चढावा. धुकं, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेती, रस्त्याकडेला माकडं, मधाची दुकानं. जुनी घरं दगडमातीची. भिंतींतून चपट्या दगडांच्या रांगा बाहेर आलेल्या. गाईडने तोंड उघडायच्या आत अम्मा म्हणाली, "पावसाचा मारा लागू नये म्हनून." आत बैठकीच्या भिंतींवर लाल, पिवळी, निळी नक्षी, सगळी घरच्या बायकांच्या हातची. मी तर आपलाच मुलूख दाखवत असल्याच्या ऐटीत फिरत होतो.

पाहुण्यांना पाहायला खुल्या असलेल्या अशाच एका घरात म्हातारी मालकीण ईदच्या आधीची डागडुजी करत होती. जिन्याजवळची भिंत मातीने लिंपून झाली होती. अम्माने चपला काढल्या, बाह्या वर सारल्या आणि मला म्हणाली, "शेन कुठं हाय, इचार."

माझी अरबी सगळी ऑफिसातली आणि गॅरेजातली. व्हिसा देणारा मालक म्हणजे 'कफील' येतो, इकामा येतो, शेण कुठून येणार? शेवटी मी, मोठा सुपरवायझर, गाईसारखा हंबरलो आणि मागे हात करून दाखवला. मुलगी कुजबुजली, "पप्पा, प्लीज! सब देख रहे हैं." मालकिणीच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. मग तिने ओल्या चाऱ्याची जुडी अम्माच्या हातात दिली आणि भिंतीवर घासून दाखवलं. तिथे हिरवा रंग असा चढवतात.

दोघी शेजारी शेजारी बसल्या. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती आणि काही अडलंही नाही. मालकीण सरळ घासायची. अम्माचा हात सवयीने अर्धगोल फिरायचा. मला वाटलं, म्हातारी ते मोडून सरळ करील. तिने निरखून पाहिलं, अम्माच्या खांद्यावर थाप मारली आणि "मुमताज!" म्हणाली. मुमताज म्हणजे एक नंबर. ते अर्धगोल तसेच राहिले. मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना सांगत सुटली, "माय ग्रँडमदर डिड धिस." प्रमोशन मिळालं तेव्हाही माझा ऊर एवढा भरून आला नव्हता.

अम्मा ठरल्या दिवशी गेलीच. विमानतळावर मीच सोडून आलो.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. ख्याली ना खुशाली, थेट हुकूम. "ईद जवळ आली. ती भिंत यंदा परत करावी लागल, ती बाय एकटी किती करील? माजा विजा काढ."

इतकी वर्षं मी समजत होतो की माणसाला आरामात बसवलं, खाऊपिऊ घातलं की घर त्याचं होतं. आता वाटतं, जिथलं काम आपल्यावाचून अडेल, तिथेच माणूस घरचा होतो. मी विचारलं, "किती दिवसांचा काढू?"

"भिंत सुकंपर्यंत अब्हाला," ती म्हणाली, "मग जेद्द्याला आपल्या घरी ऱ्हाईन."