रंगमावशींच्या हाताची थरथर

बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगमावशींनी रंगवलेल्या. बाईंना चौकशांची भारी हौस. कुलूपवाल्याकडे किल्ली करायला टाकली, तरी ती कशी बसते ते बघितल्याशिवाय पाय निघत नसे.

नवरा गेला आणि ही हौसच आटली. डॉक्टरांनी मन सावरायची गोळी दिली, तिनं हळूहळू बरंही वाटू लागलं. पण धाकट्या बहिणीला दम कुठला! ती एक बाटली घेऊन आली.

"ताई, झाडपाल्याच्या कॅप्सूल आहेत. मूड एकदम छान होतो. चिठ्ठीसुद्धा लागत नाही, म्हणजे अपाय कसला?"

मावशींना ते पटलं. गोळीच्या जोडीला कॅप्सूल सुरू झाली. थोड्याच दिवसांत पंख्याखाली बसूनही घाम फुटू लागला, पोट बिघडलं, जिवाची नुसती तगमग. वयाचा दोष म्हणून त्यांनी तिकडे काणाडोळा केला.

मग एका सकाळी औषधाच्या दुकानाच्या काचेवर नाव रंगवायला त्या शिडीवर चढल्या. 'औ'ची मात्रा काढताना कुंचला असा काही उडाला, की रंगाचा फराटा थेट दारापर्यंत गेला.

"अगं बाई! हा हात माझाच ना?"

दुकान चालवणारी फार्मासिस्ट धावत बाहेर आली. "मावशी, आधी खाली उतरा बघू. औषधं कुठली चालू आहेत?"

"डॉक्टरांची एक गोळी. बस्स."

"आणखी काही? टॉनिक, पावडर?"

"कॅप्सूल घेते, पण ते काही औषध नव्हे."

पिशवीतली बाटली बघताच फार्मासिस्टचा चेहरा उतरला. "ही आता बंद. आणि चला, आत्ताच दवाखान्यात जायचं."

डॉक्टरांनी मावशींच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय असा उडाला, की डॉक्टर थोडक्यात बचावले. एवढ्या तगमगीतही मावशींचे डोळे चमकले. "परत मारा बरं! असं का होतं?"

डॉक्टरांना हसू आवरेना. "मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं. माझी गोळी ते वाढवते, आणि तुमची कॅप्सूलही तेच करते. दोघींनी मिळून अति केलं. आणखी वाढलं असतं, तर जिवावर बेतलं असतं."

"मग अशी वस्तू चिठ्ठीशिवाय विकतात कशी?"

"चिठ्ठी लागत नाही म्हणजे जोर नाही, असं नसतं. शिवाय बाटलीत नेमकं किती भरलंय, याचीही दरवेळी खात्री नसते."

मावशींना रात्रभर नजरेखाली ठेवलं. घाम ओसरला, हात थांबला. गोळी पुन्हा कधी सुरू करायची, ते डॉक्टर ठरवणार होते. बाटली मात्र कायमची सुटली.

घरी आल्यावर त्यांनी बहिणीला फोन लावला. बहीण फणकारली, "मी पण त्याच घेते! मला कुठं काय झालं?"

"तुझी दुसरी कुठली गोळी चालू आहे का?"

पलीकडे औषधांचा डबा उघडल्याचा आवाज आला. मग हळूच, "ताई... माझी रक्तदाबाची आहे. डॉक्टरांना कॅप्सूलचं सांगितलंच नाही गं."

"आजची कॅप्सूल घेऊ नकोस. आणि चप्पल घाल, मी येतेच. मलाही डॉक्टरांना विचारायचंय, तुझ्या गोळीशी ती काय करते ते!"