आबांची काडीपेटी

माझे वडील दारू पिऊन भाजले होते. लपवायचं काय त्यात?

आज आबांना जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय.

घाटघरच्या बाजूला आमचं गाव. पावसाआधी भाताच्या रोपांसाठी इथं राब भाजतात. शेण, पालापाचोळा, माती वाफ्यावर पसरायची आणि पेटवायची.

त्या साली आबा सकाळीच टाईट होते. सदऱ्यानं पेट घेतला तरी त्यांना पत्ता नाही. तोल गेला आणि राबातच आडवे झाले.

आईनं ओल्या गोणपाटानं विझवलं.

पुण्याला बर्न वॉर्डात डॉक्टर म्हणाले, "शुद्धीत असते तर हातावर भागलं असतं. उठता आलं नाही, म्हणून सगळी पाठ गेली."

ड्रेसिंगच्या वेळी ओरडायचे ते दुखण्यानं की दारूसाठी, हेच आईला कळायचं नाही.

पण सुटले. दोन्हीतून.

पुढच्या भाजणीला गाव जमलं, तेव्हा आबांनी सदरा काढून सगळ्यांना पाठ दाखवली.

"नीट बघा. आगीचा काय दोष न्हाई, मी प्यायलो व्हतो. आता ज्याला राब पेटवायचाय त्यानं काडी माझ्याकडून न्यायची. आन आधी माझ्या तोंडावर फुंकायचं."

लोक हसले. आबा हलले नाहीत.

पहिली विकेट त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याची, म्हणजे माझ्या मामाची.

"पावणं, तुमी आज सावलीत बसा."

मामा वर्षभर आमच्याशी बोलला नाही.

पण नंतर दर भाजणीला आमच्या दारात रांग लागायची. राबात पुन्हा कुणी भाजलं नाही.

दारू सोडलेली माणसं तुम्ही खूप बघितली असतील. अख्ख्या गावाला तोंडाचा वास द्यायला लावणारा माणूस एकच, आणि तो माझा बाप. लई अभिमान आहे मला.

यंदा मात्र धाकधूक होती. आबाच नाहीत, आता कोण कशाला विचारतंय? वर्षश्राद्धासाठी सासरहून, कळंबहून आले, तर काडीपेटी देवळीत तशीच पडलेली.

आज सकाळी भाजणी. दारात मामा उभा.

"पोरी, काडी दे. आन आधी वास घे."

"मामा, काहीतरीच काय!"

"घे म्हणतो ना. दाजींनी सोडलं असतं का?"

घेतला. मिसरीचा वास आला, बाकी कसलाच नाही.

त्याच्यामागं अख्खी आळी उभी होती.

आबा, काडी मी दिली. दर भाजणीला येऊन देईन.

तुम्ही निवांत राहा. तुमच्या लेकीचा नमस्कार.