अण्णांची एकही चूक नाही

रोज त्याच खोलीत तीच माणसं जमली की किस्से साठतातच, मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. मिरकरवाडा बंदरावर माझा बर्फाचा कारखाना आहे. त्याच्या वरच्या ऑफिसात संध्याकाळी आम्ही तिघं बुद्धिबळ खेळतो : मी, गणिताचे निवृत्त मास्तर सावंत सर आणि मच्छीमार बोट चालवणारे अण्णा तांडेल. किस्से हसण्यासारखेच आहेत. पण हल्ली सांगताना मी मध्येच अडतो, म्हणून हसण्याचे आधी उरकतो.

*

आमचा एक जुना रिवाज होता. जिंकणाऱ्याने शेवटच्या खेळीपासून मागे मागे जात, पहिल्या प्याद्यापर्यंत सगळा डाव उलगडून दाखवायचा. तोही चहा यायच्या आत.

यात अण्णांचा हात कोणी धरू शकत नसे. बोट चालवून चालवून त्यांना आलेली वाट उलटी आठवायची सवयच होती. एकदा मला हरवल्यावर ते डाव उलगडत होते, तर मी अडवलं. "अण्णा, माझा उंट इथे नव्हता."

"नव्हताच," अण्णा म्हणाले. "तू त्याला हात लावलास, घाबरलास नि परत ठेवलास. मी ते पण दाखवतोय."

*

मग सरांनी मोबाईलवर बुद्धिबळाचं इंजिन आणलं. म्हणजे स्वतः खेळ्या शोधणारा प्रोग्रॅम. पहिल्याच दिवशी त्याने पटावर दोन्ही वजीर जिवंत असताना आपला राजा खुशाल मधोमध चालवत नेला. आपण राजाला कोपऱ्यात दडवतो, वर प्याद्यांचं कुंपण घालतो, तरी जीव थाऱ्यावर नसतो.

सर समजावू लागले, "आपण दोन-चार खेळ्या बघतो, त्याही सवयीने नि भीतीने निवडलेल्या. हे लाखो शक्यता मोजतं."

अण्णा राजाकडे बघत राहिले. "मरायचं भय नाय त्याला," ते म्हणाले. "असला माणूस मी बोटीवर घेणार नाय."

*

दुसऱ्या दिवशी इंजिनाने हत्ती पुढे नेला आणि पुढच्याच खेळीला जिथला तिथे आणून ठेवला. मी असतो तर लाजेने मेलो असतो.

"त्याला मागचं काही धरून ठेवायचं नसतं," सर म्हणाले. "मघाशी काय ठरवलं होतं, कशासाठी एवढं आलो, काही नाही. प्रत्येक खेळीला नुकतंच येऊन बसल्यासारखं पटाकडे बघतं. आपण आपल्या बेताच्या प्रेमात पडतो, म्हणून हरतो."

हे वाक्य मला फार आवडलं होतं. कारखान्यातल्या पोरांनाही ऐकवलं. आता कोणाला ऐकवत नाही.

*

इंजिनाचा पहिला बळी सरच. डाव चालू असताना खेळ्या मोबाईलमध्ये भरायच्या आणि संपल्यावर चुका बघायच्या, असं सुरू झालं. चूक लाल रंगात येते. सर इतके धसकले की एकदा घोडा उचलून हात हवेतच राहिला. घड्याळातली वेळ संपली, सर हरले, घोडा हातातच.

"ठेवायचा की कुठेतरी," मी म्हटलं.

"कुठेही ठेवला तरी मोबाईल बघतोच आहे रे," सर म्हणाले. ज्या माणसाच्या आवाजाने वर्ग चिडीचूप व्हायचा, त्याचा आवाज कापत होता.

मोबाईल सगळा डाव परत दाखवतो म्हटल्यावर आमचा रिवाज कधी सुटला ते कळलंही नाही.

*

पावसाळ्यात बोटी बंद, तेव्हा एका दुपारी अण्णांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एकट्याच कारखान्यात आल्या. अण्णा भाट्याला पुतणीकडे गेले होते. परतताना रिक्षात बसले नि रिक्षावाल्यालाच विचारलं, मी राहतो कुठे?

"तुमच्यात रोज बसतात," वहिनी म्हणाल्या. "डोक्याचा खेळ. तुम्हीच सांगा, डोकं ठीक हाय ना? नारळी पुनव झाली की बोट काढतील. खलाशांच्या बायका ह्यांच्या भरवशावर नवऱ्यांना धाडतात. नसंल ठीक तर मी आडवी पडेन, पण जाऊ देणार नाय."

मी मोबाईल काढून दाखवला. सरांचे डाव लालेलाल, माझे त्याहून. अण्णांचे स्वच्छ. आणि गंमत म्हणजे महिन्यागणिक जास्तच स्वच्छ.

"वहिनी, अण्णांची एकही चूक नाही. मशीन सांगतंय."

वहिनींनी पदराने डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी वहिनींकडून मला तळलेले सुके बांगडे आले. मी ते मिटक्या मारत खाल्ले.

*

नारळी पौर्णिमा झाली. अण्णांची बोट पहाटे निघणार होती. आदल्या संध्याकाळी सर आणि अण्णा खेळत होते, खेळ्या मी भरत होतो. अण्णांनी राजाच्या बाजूने जोरदार हल्ला चढवत आणला होता. आता घाव घालणार, तर त्यांनी तो हल्ला तसाच टाकला आणि वजीर मुकाट्याने आपल्या कोपऱ्यात आणून ठेवला. थोड्याच वेळात सर हरले.

"अगदी इंजिनाची खेळी," सर खूश होऊन म्हणाले. मोबाईलही तेच म्हणाला.

वहिनी दर्याच्या पूजेचा प्रसाद घेऊन दारात उभ्या होत्या. त्या हसल्या. मला मात्र सरांचं ते जुनं बोलणं आठवलं : मागचं काही धरून ठेवायचं नसतं, प्रत्येक खेळीला नुकतंच येऊन बसल्यासारखं.

"अण्णा," मी म्हटलं, "आज आपला रिवाज करा. डाव उलगडा."

"मोबाईलमध्ये आहे की," सर म्हणाले.

"असू दे. अण्णा, उलगडा."

अण्णांनी सोंगट्या जवळ ओढल्या. एकेक पुसून घरात ठेवली. हत्ती, घोडे, उंट, प्यादी, सगळी आपापल्या जागी, पहिल्यासारखी. मग पांढरी बाजू सरांकडे फिरवली.

"चला सर," ते म्हणाले. "मघापासून नुसतेच बसलोत. एक तरी डाव होऊ दे."

खाली त्यांच्याच बोटीसाठी बर्फ फोडत होते. वहिनी प्रसादाचं ताट धरून माझ्याकडे बघत होत्या.