मंजुळाबाईंच्या तासाचा भाव

मंजुळाबाई आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्याला अकरा वर्षं झाली. मूळच्या सोनगीरच्या, लग्न होऊन धुळ्यात आल्या आणि देवपुरात आमच्या मागच्या गल्लीत राहू लागल्या. नवरा पितांबर रिक्षा चालवतो. चार घरच्या पोळ्या त्या करतात, पण कोणी विचारलं, "तुम्ही काय काम करता?" तर पोळ्यांचं नाव घेत नाहीत. म्हणतात, "मी बिबडा करस."

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ते खानदेशात घरोघरी होतात, पण मंजुळाबाईंचे वेगळे. तळले की कागदासारखे हलके होतात आणि तोंडात टाकल्यावर आवाज शेजारच्या खोलीत जातो. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळून आणायची, पहाटे मोठ्या पातेल्यात शिजवून तिचा घाटा करायचा आणि तो गरम असतानाच खाटेवरच्या ओल्या कापडावर हाताने थापायचा. गरम असतानाच, हे महत्त्वाचं. घाटा थंड झाला की थापता येत नाही, कडेने चिरा पडतात. त्यामुळे हे एकटीचं काम नव्हे. चैत्र लागला की मागच्या गल्लीत रोज एका घरी पातेलं चढतं आणि बाकीच्या बायका तिथे जातात. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. पैशांचा प्रश्नच नसतो. गरम घाट्यावर कच्चं तेल घालून वाटीभर खायचं, चहा प्यायचा आणि घरी जायचं.

यंदा फेब्रुवारीत आग्रा रोडवरच्या दुकानातले प्रकाशचंदशेठ यांनी मंजुळाबाईंचा बिबडा खाऊन पाहिला. लगेच दुसरा मागितला आणि म्हणाले, "आखाजीच्या आधी दहा किलो ज्वारीचे करून आणा. लसूण अजिबात नको, आमच्या घरचेही खातील. सगळे एकसारखे आले तर दुकानाचं वर्षाचं काम तुमचं."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, ती अजून लांब होती. लसणाशिवाय बिबडा ही कल्पना मंजुळाबाईंना दोन दिवस पचली नाही. पण वर्षाचं काम! ते मिळालं तर चार घरांपैकी दोन घरच्या पोळ्या सोडायच्या, असं त्यांनी मला कणीक मळता मळता सांगितलं. कोणती दोन, ते सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांना चहा जरा जास्त दुधाचा देऊ लागले.

याच सुमारास आमच्या भूमिकाला पैशांच्या सल्ल्यांचं वेड लागलं. भूमिका माझी मुलगी, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोनवर टाय लावलेला एक माणूस पुस्तकांच्या कपाटापुढे बसून श्रीमंत कसं व्हायचं ते सांगतो आणि ही जेवताना ते ऐकते. मला काळजी वाटायची की ही आपले कॉलेजचे पैसे कुठेतरी गुंतवून बसेल. तिने तसं काही केलं नाही. तिने मंजुळाबाईंना गाठलं.

"मावशी, सहा महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे बाजूला पाहिजेत."

"सहा महिना? मनापाशी सहा दिवसना ऱ्हायना तरी मी पितांबरले सांगत नही. नहीतर तो रिक्षाले नवं सीट कव्हर आनस."

"थोडे थोडे टाका. वीस रुपये रोज. आणि छोटे खर्च लिहून काढा. दिवसात चहा किती वेळा पिता?"

"चार घर, चार चहा. त्याना पैसा तुनी माय देस."

मला ठसका लागला. मंजुळाबाईंनी तव्यावरची पोळी उलटली आणि विचारलं, "तुना त्या टायवाला भाऊना घर भांडा कोन घासस वं?"

भूमिका ते फोनवर शोधू लागली. पण वीस रुपयांची गोष्ट मंजुळाबाईंना पटली. डाळीचा एक रिकामा डबा त्यांनी पितांबरच्या नजरेआड ठेवला आणि रोज त्यात नोट टाकू लागल्या. मी मनात म्हटलं, चला, पोरीच्या नादाचा कोणाला तरी उपयोग झाला. इथेच थांबली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात तिने तिसरा सल्ला दिला. आपल्या एका तासाची किंमत काढा आणि त्याहून कमी किमतीत तो कोणालाही देऊ नका. मागच्या उन्हाळ्यात मंजुळाबाई अठरा घरी बिबडे थापायला गेल्या होत्या. घरटी तीन तास. भूमिकाने फोनवर हिशोब करून त्यांच्यापुढे धरला.

"चोपन्न तास, मावशी. पापडाच्या कारखान्यात तासाला पन्नास रुपये देतात. म्हणजे दोन हजार सातशे रुपये तुम्ही वाटून आलात."

मंजुळाबाईंचं लाटणं थांबलं. अकरा वर्षांत ते मी पहिल्यांदाच थांबलेलं पाहिलं.

"बठ्ठा फुकट?" त्या म्हणाल्या. "मी इतली येडी शे का वं?"

त्या लोकांच्या घरी गेल्या तशा लोकही त्यांच्या घरी आले होते, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. पण मी पोरीच्या झटपट हिशोबाचं कौतुक करत बसले.

चैत्र लागला. पहिलं पातेलं दरवर्षीप्रमाणे कुंदाबाईंकडे चढणार होतं. कुंदाबाई गल्लीतल्या सगळ्यांत वडील, सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्या सांगायला आल्या तेव्हा मंजुळाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अक्का, येसू ना मी. पन तासले पन्नास रुपया व्हतीन."

कुंदाबाईंना वाटलं चेष्टा आहे. त्या हसल्या. मंजुळाबाई हसल्या नाहीत. मग कुंदाबाई शेजारच्या घरी सांगायला निघून गेल्या. त्या दिवसापासून मंजुळाबाईंना कोणी बोलावलं नाही. त्या खुशीत होत्या. सकाळी उजाडेपर्यंत झोपायला मिळतं म्हणायच्या. गल्लीत मात्र त्यांचं नाव 'पन्नासवाली' पडलं होतं, ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण आमचा दूधवालाही तेच म्हणत होता.

आखाजी दहा दिवसांवर आली तेव्हा मंजुळाबाईंनी दहा किलो ज्वारी भिजवली. तिसऱ्या दिवशी दळून आणली आणि संध्याकाळी दारोदार जाऊन सांगून आल्या, "सकायले या." कोणी नाही म्हटलं नाही. सगळ्यांनी बघू एवढंच उत्तर दिलं, "देखसूत."

पहाटे पाच वाजता मी आणि भूमिका गेलो. चूल पेटलेली, पातेल्यात घाटा फदफदतोय, जिऱ्या-तिळाचा वास सुटलेला. पाच खाटांवर ओली कापडं अंथरलेली. आणि माणसं चार. आम्ही दोघी, मंजुळाबाई आणि घाटा ढवळणारा पितांबर.

"येतीन," मंजुळाबाई म्हणाल्या.

घाटा उतरवला. मी एक गोळा उचलला आणि लगेच टाकला. हातच भाजला. पाण्यात बोटं बुडवून थापायचं असतं हे मला माहीत आहे, पण माहीत असण्याने बोटं तयार होत नाहीत. भूमिकाने थापलेला बिबडा नकाशावरच्या धुळे जिल्ह्यासारखा दिसत होता. मंजुळाबाईंचे दोन हात सपासप चालत होते, तरी अर्ध्या तासात अर्धी खाटसुद्धा भरली नाही. पातेल्यावर साय धरू लागली.

"आपण पैसे देऊन बायका बोलावू," भूमिका म्हणाली आणि फोन लावू लागली. पापडाच्या कारखान्यातल्या एका बाईंनी उचलला. त्या म्हणाल्या, चैत्रात पहाटे कोण मोकळं असतं, प्रत्येक जण कोणाच्या तरी घाट्यावर असतं, परवा विचारा. भूमिकाने फोन ठेवला. तिचा चेहरा परीक्षेत अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आल्यासारखा झाला.

पितांबर हळूच म्हणाला, "जाय ना अक्काकडे."

मंजुळाबाई हात न पुसता निघाल्या. मी आणि भूमिकाही मागे गेलो. कुंदाबाई दारातच मिसरी लावत बसल्या होत्या आणि शेजारच्या दोन ओट्यांवर आणखी सहा-सात जणी. सगळ्या आंघोळ करून, पदर खोचून तयार. त्या कुठेही जाणार नव्हत्या. बोलावण्याची वाट पाहत होत्या.

"अक्का, मना घाटा थिजी राह्यना."

"मंग आज भाव काय शे?" कुंदाबाईंनी विचारलं.

मंजुळाबाईंनी घाट्याचे हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "तू सांगशी तो."

"मी कसाले सांगू? तूच ठरायेल शे ना तो. पन्नास." त्या उठल्या. "चला वं बाया! भूमी, मीटर लाय!"

पुढचे दोन तास मी विसरणार नाही. भूमिका फोनवरचं घड्याळ लावून मध्ये उभी आणि आठ जणींचे सोळा हात खाटांवर चालतायत. एकीने चहा मागितला तर दुसरी ओरडली, "मीटर बंद कर वं, ती चहा पी राह्यनी!" एकीला शिंक आली तर शिंकेचे चार आणे कापायचं ठरलं. पितांबर पातेलं पुन्हा चुलीवर ठेवून गरम पाण्याचा हबका मारत होता आणि त्यालाही कोणीतरी विचारलं, "भाऊ, तुमना तास कितलाना?" तो म्हणाला, "मना फुकट. मी घरना शे." ऊन खाटांवर येण्याआधी पाचही खाटा भरल्या होत्या, एकसारख्या.

घाट्याच्या वाट्या वाटताना मंजुळाबाईंनी डाळीचा डबा आणला आणि कुंदाबाईंपुढे ठेवला. कुंदाबाईंनी डबा उघडून पाहिला नाही.

"हाई देख मंजुळे," त्या म्हणाल्या. "घरना बिबडासना पैसा कोनी घेत नही. पन आज व्हयनात त्या दुकानना. शेठ तुले पैसा दी. मंग तू आमले दे. भाव तुनाच."

मी चमकले. भूमिकाही चमकली. तिचा सल्ला खोटा नव्हता. तासाला किंमत होतीच, फक्त मंजुळाबाईंनी ती शेजारणींकडून मागितली आणि भूमिकाने शेजारणींच्या तासांचा हिशोबच केला नव्हता. टाय लावलेला माणूस एकेकट्यांशी बोलतो. गल्ली त्याला कपाटापुढून दिसत नाही.

"आनि घरना दिवस चुकाडात त्या?" कोणीतरी मागून विचारलं.

ते मंजुळाबाईंनी फेडायचे, असं ठरलं. ज्यांची पातेली अजून चढायची होती त्या नऊ घरी. आणि जिने शिकवलं तिनेही सोबत यायचं. भूमिका माझ्याकडे पाहू लागली. मी वाटीतल्या घाट्याकडे पाहिलं.

नऊ पहाटे भूमिका गेली. पहिले तीन दिवस बोटांना तूप लावून झोपायची. पाचव्या दिवशी तिचा बिबडा गोल आला आणि तिने त्याचा फोटो वर्गातल्या सगळ्यांना पाठवला.

प्रकाशचंदशेठांनी पिशवीतून कुठलाही एक बिबडा काढला, तळायला आत पाठवला आणि खाता खाता म्हणाले, "वर्षाचं काम तुमचं. पावसाच्या आधी असे आणखी तीन घाणे." ते तीन घाणे सगळ्या बायकांनी पन्नास रुपये तासाने केले. जूनमध्ये पितांबरच्या रिक्षाची क्लच प्लेट गेली तेव्हा डाळीचा डबाही उघडावा लागला, आणि तो पुरला. म्हणून आता भूमिकाने फोनवरचा माणूस बंद केलेला नाही. फक्त जेवताना ऐकत नाही.

राहिली ती दोन घरं. गेल्या सोमवारी मंजुळाबाईंनी ओटा पुसला, फडकं वाळत घातलं आणि म्हणाल्या, "ताई, पयल्या तारखेपासून नही येत मी. एक ते तिसऱ्या मजल्यावरनं घर सोडं, गुडघा दुखस. आनि दुसरं तुमनं."

"आमचं का? आमचा तर तळमजला आहे!"

"तुमनाकडे भूमी शे ना. तिना हात आते चालू व्हई ग्या."

आतल्या खोलीतून भूमिका ओरडली, "आई, पोळ्यांना तासाला किती देणार?"

मी लाटणं धुऊन ओट्यावर ठेवलं आणि तिला म्हटलं, "तू घरची आहेस. पितांबरकाकांना विचार."