डॉक्टरांनी लिहून दिलेली पदवी

न कळणारा कागद डॉक्टरांकडे न्यायचा, ही आमच्या अर्नाळ्यातल्या आळीची रीत. विजेचं बिल असो, सरकारी नोटीस असो, जावयाच्या नोकरीचं पत्र असो. नंबर लावायचा, बाकावर बसायचं आणि पाळी आली की खोकला सांगावा तसा कागद पुढे करायचा. त्यामुळे माझा 'नीट' परीक्षेचा निकाल घेऊन आई दवाखान्यात निघाली, तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही.

आई विरारच्या बाजारात मासळी विकायची. मुलीला डॉक्टर करायचं, हे तिचं मी चौथीत असल्यापासूनचं ठरलेलं. मला मात्र गणितात बी.एस्सी. करायचं होतं. घरी एकदा बोलून पाहिलं, तर म्हणाली, "हिशेब मना बी येतो. त्याला कॉलेज कशाला?"

आमचा नंबर आला. आईने कागद पुढे केला. "पोरीचा रिपोट आनलाय, डाक्टर."

डॉक्टरांनी सवयीने तो ट्यूबलाइटसमोर धरला, एक्स-रे धरतात तसा. "मावशी, मार्क चांगले आहेत. मेडिकलला पुरत नाहीत, इतकंच."

"मंग आनखी एक वरीस क्लासला बसवते. तुमी सांगा तिला."

डॉक्टरांनी मला विचारलं, "तुला काय करायचंय?"

मी आईकडे बघितलं. खरं सांगितलं असतं तर बाजारात आरडाओरडा करणारी माझी आई तिथे काही बोलली नसती, पण घरी आठवडाभर जेवली नसती.

तेवढ्यात आमच्या आळीतले एक काका नंबर न लावताच आत शिरले. जाळं सोडवताना शिंगाळा माशाचा काटा तळहातात घुसलेला. डॉक्टर मला म्हणाले, "हात घट्ट धर यांचा." मी धरला. रोज टोपलीभर मासे कापणारी मुलगी मी, रक्ताचं मला काय? पण काटा निघाला, माणसाचं रक्त मनगटावरून ओघळलं आणि मी तिथेच कोसळले.

शुद्धीवर आले तेव्हा मी तपासायच्या टेबलावर होते आणि काका हात वर धरून बाजूला उभे. "डाक्टर, आदी हिला बघा," ते म्हणत होते, "मी थांबतो!"

डॉक्टरांनी शांतपणे मला पुन्हा तोच प्रश्न विचारला. या खेपेला मी आडवी असल्यामुळे आईचा चेहरा दिसत नव्हता. म्हटलं, "गणित."

त्यांनी औषधाची चिठ्ठी ओढली. वर माझं नाव, वय. खाली लिहिलं: बी.एस्सी. गणित. तीन वर्षं. रोज. मध्येच बंद करू नये.

आईने चिठ्ठी डॉक्टरांकडून वाचून घेतली, घडी करून बटव्यात घातली. मग विचारलं, "परत दाखवायला कवा येऊ?"

"कोर्स संपला की."

त्यानंतर वाद संपला. कोणी टोचून विचारलं की आई सांगायची, "डाक्टरनी लिवून दिलाय." माझी आत्या म्हणाली, "दुसऱ्या डाक्टरला दाखव ना!" आई म्हणाली, "आमाला याच डाक्टरचा गुन येतो."

तीन वर्षांनी पदवी घेऊन आम्ही पुन्हा त्याच बाकावर बसलो. आमच्या घराण्यातली ही पहिली पदवी, हे सांगायला मी लाजणार नाही. आईने डॉक्टरांसाठी दोन ताजे सरंगे मासे आणले होते आणि सोबत ती जुनी चिठ्ठी, तिला आता मासळीचा वास लागलेला. डॉक्टरांनी पदवी ट्यूबलाइटसमोर धरली.

"आता बरी झाली म्हनाची का?" आईने विचारलं.

"गुण चांगला आहे, मावशी. पण अजून दोन वर्षं द्यावी लागतील. एम.एस्सी."

आई त्यांना हो म्हणेल असं मला वाटलं. ती माझ्याकडे वळली. "तुना काय कराचा हाय?"

मी बसल्या बसल्या, तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "शिकायचंय."

"मंग लिवा, डाक्टर," आई म्हणाली.