खवल्याच्या आतला माणूस

माझे काका पडद्यावर राक्षस होते. तळ्यातून वर येणारा, पूल मोडणारा, आगगाडी काडीसारखी उचलणारा खवल्या म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. रबर आणि स्पंजचा तो अवजड पोशाख मावशीनेच शिवला होता. ती स्टुडिओच्या कपडेपटात कामाला होती. त्या पोशाखात शिरलं की माणसाला आपलं आपण बाहेर पडता येत नसे. पाठीवरच्या काट्यांखाली हुकांची ओळ होती आणि ते हूक फक्त बाहेरून निघायचे. मावशी सकाळी काकांना आत घालायची आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर काढायची. नवऱ्याला रोज सोलून काढणारी बायको जगात मी एकटीच असेन, असं ती हसत म्हणायची.

खवल्याचे पाच भाग निघाले. ज्यांनी ते शाळेत असताना पाहिले, ती माणसं आता टक्कल पडलं तरी त्यावरून भांडतात. पहिल्या भागातला खवल्या जड पावलांनी, कण्हत चालतो, त्याची खरी भीती वाटते. दुसऱ्यात तो डोंगराएवढ्या विंचवाशी लढतो आणि आपण नकळत त्याच्या बाजूने होतो. चौथ्यात त्याला पिल्लू चिकटवलं आणि सगळा पोरखेळ झाला. पाचवा संगणकावर केला; त्यातल्या खवल्याला वजनच नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. वाद कितीही रंगला तरी शेवटी गाडी तिसऱ्या भागावर येते, कारण त्यात बुडण्याचा प्रसंग आहे. जाळ्यात सापडलेला खवल्या पाण्यात तडफडतो, पुन्हा पुन्हा पाठीकडे हात नेतो, आणि हात काही पोचत नाही. इतका जिवंत अभिनय राक्षसाच्या पोशाखात कुणी केलेला नाही, असं लोक म्हणतात.

तो अभिनय नव्हताच. त्या दिवशी हौदातलं पाणी ठरल्यापेक्षा वर चढलं आणि जबड्याच्या फटीतून आत शिरलं. काकांनी हात वर करून ठरलेली खूण केली. मावशी काठावरच उभी होती. ती धावली, तसा दिग्दर्शकाने तिचा दंड धरला आणि कॅमेरावाल्याला चालू ठेवायला सांगितलं. हवं ते मिळाल्यावरच त्याने हात सोडला.

काका वाचले, पण त्यांची छाती कायमची अधू झाली. जिना चढताना भिंत धरून उभे राहायचे. वर दिग्दर्शकाने सगळीकडे सांगितलं की गडी पिऊन आला होता. ज्यांनी कधी थेंबाला हात लावला नाही, त्यांना पुढे कुणी दारात उभं केलं नाही. काही वर्षांनी ते वारले, तेव्हा मयतीला आलेल्यांपैकीच एकजण कुजबुजला, दारूने खाल्लं बिचाऱ्याला. मावशीने ते ऐकलं.

तिने स्टुडिओतली नोकरी मात्र सोडली नाही. त्या मेल्याचं तोंड रोज कसं बघवतं तुला, असं माझ्या आईने एकदा विचारलं. मावशी दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "डूख धरायचा तर जवळ राहून धरावा."

दिग्दर्शक म्हातारा झाल्यावर खवल्याचा मोठा सोहळा ठरला. पाचही भागांतले तुकडे दाखवायचे, कुठला भाग सरस यावर चर्चा करायची आणि प्रेक्षकांकडून कौल घ्यायचा. म्हाताऱ्याची हौस फिटली नव्हती. शेवटी आपणच जुना पोशाख घालून मंचावर यायचं, असं त्याने ठरवलं. पोशाख दुरुस्त करायला मावशीशिवाय होतंच कोण? तिने फाटलेलं सांधलं, हूक बदलले आणि जबड्याखाली खवल्यांच्या आड हवेसाठी चांगलं मोठं भोक ठेवलं. ते तिने फक्त मला दाखवलं. "मरून चालायचं नाही," ती म्हणाली. "त्याला बोलायचंय."

सोहळा दुपारी होता. मी पहिल्या रांगेत बसले होते. कौल अर्थातच तिसऱ्या भागाला मिळाला. पडद्यावर माझे काका तडफडत होते आणि माझ्या मागे लोक टाळ्या वाजवत होते. मग दिवे लागले आणि खवल्या डुलत डुलत मंचावर आला. त्याच्या मागे मावशी, मदतनीस म्हणून. निवेदिकेने विचारलं की तिसरा भाग बाकीच्यांपेक्षा वेगळा का उतरला. जबड्यात माईक बसवलेला होता. आतून आवाज आला, नटाकडून काम काढून घ्यावं लागतं, ते मी घेतलं.



थोड्या वेळाने त्याला दिव्यांचा उकाडा असह्य झाला. बाई, हूक काढा, असं तो हळूच म्हणाला; माईकमधून ते सगळ्यांनी ऐकलं आणि हशा पिकला. मावशी जागची हलली नाही. त्याने स्वतःच पाठीकडे हात नेला. पोचला नाही. पुन्हा नेला. लोकांना वाटलं, बुडण्याचा प्रसंग करून दाखवतोय. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मंचावरचे कामगार पुढे आले, पण हूक कुठे आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. हौदाच्या दिवशी तिथे असलेला एक जुना लाइटवाला होता, त्याने त्यांना हातानेच मागे सारलं.

"श्वास कोंडतोय माझा," दिग्दर्शक म्हणाला.

"त्यांचाही कोंडत होता," मावशी म्हणाली. "ते प्यायले होते का, साहेब?"

टाळ्या विरल्या. आतून नुसती धाप ऐकू येत होती. मग तो रडवेल्या आवाजात बोलला. "नाही. प्यायला नव्हता. त्याने खूण केली होती. मी बघितली आणि कॅमेरा चालू ठेवला."

मावशीने एकेक हूक सावकाश काढला. घामाने निथळणारा म्हातारा बाहेर आला आणि जवळच्या खुर्चीत कोसळला. एवढ्या गर्दीत त्याला पाणी आणून द्यायलाही कुणी उठेना. शेवटी निवेदिकेने दिलं.

निर्माता मावशीविरुद्ध पोलिसांत जायला निघाला होता. दिग्दर्शकानेच नको म्हटलं. तिथे तेच सगळं पुन्हा सांगावं लागलं असतं. मावशीची नोकरी गेली. आता ती घरी ब्लाउज शिवते, गिऱ्हाइकांना कमी नाही. खवल्याच्या भागांवरून लोक अजून भांडतात, पण तिसऱ्याचं नाव निघालं की आवाज खाली येतात. काहीजण तो प्रसंग गाळून पुढचं बघतात. मावशीला विचारलं तर ती दुसरा भाग म्हणते. त्यात विंचवाला लोळवल्यावर खवल्या पाण्याच्या टाकीच्या खांबाला पाठ घासतो. ते कुणी शिकवलेलं नव्हतं, काका घरी दाराच्या चौकटीला तशीच पाठ घासायचे.

मध्यंतरी दिग्दर्शकाची बायको घरी आली होती. त्यांना झोप लागत नाही, म्हणाली. तोंडावर चादर आली तरी ओरडत उठतात. तुम्ही एकदा येऊन माफ केलं म्हणा, म्हणजे सुटतील. मावशीने तिला चहा दिला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि येणार नाही म्हणून सांगितलं.

ती गेल्यावर मी मावशीला विचारलं, वाईट नाही वाटलं?

"बायकोचं वाटलं," मावशी म्हणाली. "त्याचं ऐकून बरं वाटलं." आणि तिने मशीन पुन्हा सुरू केलं.